वाहत्या कानातील जंतू आणि संवेदनशीलतेचे कोष्टक

सातारा व सांगली जिल्ह्यांत ज्यास 'कान फुटणे' म्हणतात, त्या जीर्ण पूयस्रावी मध्यकर्णशोथाच्या जंतुशास्त्रीय अभ्यासाचा साचा आता ठरून गेला आहे. कानातील स्राव बोळ्यावर घ्यावयाचा, त्याचे संवर्धन करावयाचे, जंतूंची नावे द्यावयाची व शेवटी कोणते प्रतिजैविक किती टक्के जंतूंवर चालले याचे कोष्टक मांडावयाचे. स्यूडोमोनास एरुजिनोसा व स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे दोन जंतू बहुधा अग्रभागी असतात. हे काम उपयुक्त आहे. परंतु कोष्टकावरून जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र तपासून पाहावयास हवा.

बाउअर, कर्बी आदींनी १९६६ साली मांडलेल्या चकती-पद्धतीत प्रतिबंधवलयाच्या व्यासावरून जंतू 'संवेदनशील' वा 'प्रतिरोधी' ठरतो. ही सीमारेषा मुख्यतः तोंडाने वा सुईने दिलेले औषध रक्तात किती मात्रेपर्यंत पोहोचते, हे लक्षात घेऊन आखलेली असते. अमेरिकन मानकांच्या २०१९ च्या सुधारणेनुसार, स्यूडोमोनासला रोखण्यास सिप्रोफ्लॉक्सॅसिन दर मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम वा अधिक लागल्यास तो प्रतिरोधी गणला जातो. उलट ०.३ टक्के थेंबांत हेच प्रमाण ३,००० मायक्रोग्रॅम असते. तेव्हा कोष्टकातील 'प्रतिरोधी' या शब्दावरून थेंब निरुपयोगी ठरतात, असे म्हणता येत नाही. अर्थात पू साचलेला असल्यास वा कोलेस्टिॲटोमा असल्यास थेंब इष्ट स्थळी पोहोचत नाहीत. आणि रोग हाडात वा मेंदूकडे पसरल्यास रक्तमार्गे औषध द्यावे लागते, तेथे हेच कोष्टक मोलाचे ठरते. हा भेद निबंधात स्पष्ट असावयास हवा.

दुसरा प्रश्न नमुन्याचा. कर्णनलिका स्वच्छ न करता घेतलेल्या बोळ्यावर त्वचेवरील निरुपद्रवी जंतूही येतात व रोगकारक म्हणून मोजले जातात. शिवाय मिरज वा कराड येथील मोठ्या रुग्णालयांत येणारा रुग्ण अनेकदा आधीच औषधे घेऊन आलेला असतो. पाटण-जावळीचा पावसाळी मुलूख, माण-जतचा अवर्षणप्रवण भाग आणि गळिताच्या हंगामापुरते येणारे मराठवाड्यातील ऊसतोड कामगार, या सर्वांचे प्रतिनिधित्व एका रुग्णालयाची टक्केवारी करीलच असे नाही.

हा केवळ पद्धतीचा वाद नव्हे. 'प्रतिरोधी' हा शेरा वाचून नवशिका वैद्य साधे थेंब बंद करून महागड्या इंजेक्शनांकडे वळतो. किंवा कोष्टकात जेंटामायसिन 'संवेदनशील' दिसले म्हणून त्याचेच थेंब लिहून देतो. पडद्यास छिद्र असताना ते अंतःकर्णास इजा करू शकतात. रोजंदारी बुडवून आलेल्या मजुरास दोन्हींची किंमत मोजावी लागते.

म्हणून पदव्युत्तर अभ्यासकांनी कोष्टकात आणखी तीन रकाने घालावेत: नमुना कोठून व कसा घेतला; पूर्वी कोणते औषध दिले होते; आणि उपचारानंतर कान कोरडा झाला काय. तिसऱ्या रकान्यावाचून पहिले सर्व आकडे प्रयोगशाळेपुरतेच राहतात.