वाचकाचे पत्र आणि लेखकाचे टिकणे : रिचर्डसन, रूसो आणि जी. ए. कुलकर्णी

वाचकांच्या प्रतिसादाने लेखकाला उत्तेजन मिळते, हे विधान इतके सर्वमान्य आहे की ते तपासून पाहण्याची गरज समीक्षेला क्वचितच भासली आहे. हान्स रॉबर्ट याउस ह्यांनी १९६७मध्ये कॉन्स्टान्झ येथे दिलेल्या व्याख्यानानंतर वाचक साहित्यविचाराच्या मध्यभागी आला. वोल्फगांग ईझर ह्यांच्या मांडणीत तो 'गर्भित वाचक' झाला. परंतु हा वाचक बहुतांशी संहितेने कल्पिलेला आहे. आपल्या परंपरेतील 'सहृदय'देखील एक आदर्श आहे, व्यक्ती नव्हे. भवभूतीने 'मालतीमाधवा'त ज्या समानधर्म्याची वाट पाहिली, तो तर अनंत काळात केव्हातरी जन्माला येणारा. नावगाव असलेला, टपालाने पत्र पाठवणारा आणि उत्तराची वाट पाहणारा वाचक मात्र चरित्रकारांच्या वाट्याला गेला. प्रस्तुत लेखात अशा वाचकाच्या तीन उदाहरणांच्या आधारे एक मर्यादित प्रश्न विचारावयाचा आहे : वाचकाच्या पत्राने लेखक 'टिकतो' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय टिकते?

पहिले उदाहरण सॅम्युअल रिचर्डसन ह्यांचे. 'क्लॅरिसा' ही त्यांची पत्ररूप कादंबरी १७४७-४८मध्ये तीन टप्प्यांत प्रसिद्ध झाली. शेवटचे खंड यावयाचे होते आणि नायिकेच्या मृत्यूची कुणकुण वाचकांना लागली होती. अशा वेळी, १७४८च्या ऑक्टोबरात, 'बेलफोर' ह्या टोपणनावाने एका स्त्रीने लेखकाला पत्र लिहून क्लॅरिसाला वाचवण्याची विनवणी केली. ही स्त्री म्हणजे लँकेशायरमधील लेडी ब्रॅडशे. रिचर्डसन ह्यांनी विनवणी मानली नाही; क्लॅरिसा मृत्यू पावली. तथापि पत्रव्यवहार थांबला नाही. पुढे दोघांची भेट झाली आणि हा संबंध वर्षानुवर्षे टिकला. लेडी ब्रॅडशे ह्यांनी आपल्या प्रतीच्या समासांत नोंदी केल्या आणि रिचर्डसन ह्यांनी त्याच समासांत त्यांना उत्तरे लिहिली. त्यांच्या भगिनी लेडी एक्लिन ह्यांनी तर कादंबरीचा आपल्या मनाजोगता वेगळा शेवटच लिहून काढला.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. वाचकाची मागणी आणि वाचकाचे अवधान ह्या त्या दोन गोष्टी होत. रिचर्डसन ह्यांनी मागणी नाकारली, पण अवधान स्वीकारले. किंबहुना मागणी नाकारताना आपल्या निर्णयाची कारणे त्यांना शब्दांत मांडावी लागली, आणि ह्या मांडणीतून कादंबरीकार म्हणून त्यांची स्वतःविषयीची जाणीव घडत गेली. 'सर चार्ल्स ग्रँडिसन' (१७५३-५४) ही सज्जन नायकाची कादंबरी अशा पत्रलेखिकांच्या आग्रहावाचून कदाचित लिहिलीच गेली नसती. मात्र ह्या व्यवहाराला किंमतही होती. वाचकांना खलनायक लव्हलेस मोहक वाटतो हे ध्यानात आल्यावर रिचर्डसन ह्यांनी पुढील आवृत्त्यांत तळटीपा आणि नवा मजकूर घालून त्यांचे वाचन आपल्याला हव्या त्या दिशेने वळवण्याचा प्रयत्न केला. शेवट त्यांनी बदलला नाही. परंतु संहितेचा मोकळेपणा काहीसा आकसला. ज्या प्रतिसादाने लेखकाला उभे ठेवले, त्यानेच त्याला वाचकाविषयी साशंकही केले.

दुसरे उदाहरण ह्याहून तीव्र आहे. रूसो ह्यांची 'ज्यूली' १७६१मध्ये प्रसिद्ध झाली आणि इ. स. १८००पर्यंत तिच्या किमान ७० आवृत्त्या निघाल्या, असे रॉबर्ट डार्न्टन ह्यांनी नोंदवले आहे. वाचकांनी रूसोंना लिहिलेली पत्रे त्यांनी जपून ठेवली. त्यांच्याच आधारे डार्न्टन ह्यांनी अठराव्या शतकातील वाचनाचे एक चित्र १९८४मध्ये उभे केले. हे वाचक शेवट बदलून मागत नाहीत. ते आपल्या अश्रूंची कबुली देतात, ज्यूली खरोखर होऊन गेली काय असे विचारतात आणि पुस्तकाच्या पलीकडे असलेल्या लेखकाला गाठू पाहतात. ही आपलीच कहाणी असावी हा वाचकांचा समज आपण दूर केला नाही, असे रूसोंनी 'कन्फेशन्स'मध्ये सांगितले आहे. परंतु १७६२मध्ये 'एमिल'वर कारवाई होऊन परागंदा व्हावे लागल्यानंतर त्यांना ह्या प्रेमाचा आधार पुरला नाही. १७७६मध्ये आपले आत्मसमर्थनपर संवाद ते पॅरिसच्या नोत्र-दामच्या वेदीवर ठेवावयास गेले, तो वेदीकडे जाणारे जाळीचे दार बंद होते. एवढा भक्तवर्ग लाभलेल्या लेखकाला हस्तलिखित सोपवण्यासाठी जिवंत वाचक विश्वासाचा वाटू नये, ही बाब बोलकी आहे. भक्तीने प्रसिद्धी टिकते. लेखक टिकेलच असे नाही.

जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) ह्यांचे उदाहरण ह्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. जी.ए. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करीत. कन्नडभाषी परिसरात राहून मराठीत लिहिणारा, सभासंमेलने टाळणारा हा लेखक. 'सत्यकथे'चे मुंबईतील वर्तुळ आणि धारवाड ह्यांना जोडणारा धागा टपालाचाच होता. श्री. पु. भागवत, म. द. हातकणंगलेकर आणि सुनीता देशपांडे ह्यांना त्यांनी लिहिलेली पत्रे निवडक पत्रांच्या खंडांत आहेत. सुनीताबाईंची त्यांना लिहिलेली पत्रेही 'प्रिय जी. ए.' ह्या पुस्तकात उपलब्ध असल्याने, लेखक आणि वाचक ह्या दोन्ही बाजू समोर ठेवण्याची दुर्मीळ संधी येथे मिळते.

ही पत्रे वाचताना जाणवते ते हे की, त्यांचा भर स्तुतीवर नाही. पुस्तके, चित्रपट, माणसे, आठवणी ह्यांविषयी दोन समान तोलाची मने एकमेकांपुढे विचार करीत आहेत. येथे मागणी नाही आणि भक्तीही नाही. आहे ते सहवाचन. भवभूतीचा समानधर्मा येथे समकालीन होऊन पत्र लिहितो.

मग ह्या सहवाचनाने जी.एं.ची कथा वाढली काय? प्रकाशनाचा तपशील ह्याबाबतीत सोयीचे उत्तर देत नाही. 'पिंगळावेळ' (१९७७) नंतरच्या दशकात त्यांचा नवा स्वतंत्र कथासंग्रह आला नाही. 'कुसुमगुंजा' त्यांच्या निधनोत्तर आला. पत्रे मात्र त्या काळातही लिहिली जात होती. पत्रांनी कथेची शक्ती शोषून घेतली, असा तर्क कोणी करील. तो सिद्ध करण्यास पुरावा नाही. परंतु प्रतिसादाच्या प्रमाणात निर्मिती वाढते, हे सरळ समीकरण येथे मोडते एवढे निश्चित. जी.एं.च्या बाबतीत टिकला तो लेखनाचा स्वभाव : शब्द तोलून वापरण्याची, अनुभवाला आकार देण्याची सवय. तिला कथेऐवजी पत्र हा आकार मिळाला, आणि ती पत्रे आज मराठी गद्याचा मोलाचा भाग आहेत. दुसरीकडे सुनीताबाईंचे 'आहे मनोहर तरी' १९९०मध्ये आले. ह्यात कार्यकारणसंबंध गृहीत धरण्याचे कारण नाही. मात्र 'वाचक' आणि 'लेखक' ह्या कायमच्या जाती नव्हेत, हे त्यावरून दिसते.

तिन्ही उदाहरणांतून एक भेद हाती लागतो. मागणी करणारा वाचक लेखकाला प्रतिवादास उभा करतो, भक्त त्याला प्रतिमेत अडकवतो, सहवाचक त्याला एकांतात सोबत करतो. प्रत्यक्षात एकाच पत्रात हे तिन्ही सूर असू शकतात. लेडी ब्रॅडशे विनवणी करणाऱ्या होत्या आणि समासात लिहिणाऱ्या सहवाचकही होत्या. म्हणून पत्रांची संख्या मोजून लेखकाला लाभलेल्या उत्तेजनाचे माप निघत नाही. त्या पत्रानंतर लेखकाने काय लिहिले, काय नाकारले आणि कोणत्या प्रकारात लिहिले, हे पाहावे लागते.

ह्यासाठी साधने हवीत, आणि अडचण नेमकी तेथे आहे. आपल्याकडे लेखकाची पत्रे कधीमधी छापली जातात. त्याला आलेली पत्रे मात्र घर बदलताना वा मृत्यूनंतर रद्दीत जातात. बडोदे, इंदूर, हैदराबाद, धारवाड अशा ठिकाणी राहून मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत ही हानी अधिक गंभीर ठरते, कारण पुष्कळदा त्यांचा वाङ्मयीन परिसर हा त्या पत्रांतच वसलेला असतो. महाराष्ट्राबाहेरील मराठी अध्यासनांनी ह्या पत्रांच्या संकलनाचे काम हाती घेतल्यास, वाचकाविषयीची आपली चर्चा परक्या सिद्धान्तांच्या अनुवादावर विसंबून न राहता स्वतःच्या पुराव्यावर उभी राहू शकेल.