क्लॅरिनेट अथवा व्हायोला

ब्राम्सचा ए मायनरमधला ट्रिओ (ओपस ११४) १८९२ साली छापून आला, तेव्हा क्लॅरिनेटच्या जागी व्हायोला चालेल अशी सोय त्यातच होती. चेलो आणि पियानो ठरलेले. तिसरं वाद्य मात्र ‘क्लॅरिनेट अथवा व्हायोला’. लेखकाने स्वतः मान्य केलेलं भाषांतर मूळ कृतीच्या हातात हात घालून बाजारात यावं, याचा भाषांतरकार म्हणून मला हेवाच वाटतो. पण परवानगी मिळाली म्हणजे भाषांतर साधतंच असं नाही. इथे ते साधलेलं नाही, असं माझं मत आहे.

१८९० मध्ये ब्राम्सने लेखणी खाली ठेवायचं जवळजवळ ठरवलं होतं. पुढच्या मार्चमध्ये माइनिंगनला त्याने रिशार्ड म्यूलफेल्टचं क्लॅरिनेट ऐकलं आणि त्याच उन्हाळ्यात हा ट्रिओ आणि क्लॅरिनेट क्विंटेट अशा दोन्ही रचना लिहिल्या. (क्विंटेटची कीर्ती मोठी, मला मात्र ट्रिओचा कोरडेपणा अधिक खरा वाटतो.) म्यूलफेल्ट मुळात व्हायोलिनवादक, क्लॅरिनेट तो आपलं आपणच शिकला होता. एका माणसाच्या श्वासावर बेतलेलं हे संगीत आहे.

क्लॅरिनेटचे खालचे सूर गडद, पोकळ, वरचे उजळ, मधल्या सांध्यावर आवाज जरा फिका पडतो. अडाजोमध्ये सूर हा सांधा ओलांडतो तेव्हा बोलता बोलता कुणाचा आवाज बदलावा तसं होतं. व्हायोलावर तो सांधाच नाही. ब्राम्सचा मित्र मांदिचेव्स्की याला ही वाद्यं एकमेकांच्या प्रेमात पडल्यासारखी वाटली होती. व्हायोला आणि चेलो एकाच घरातले. तिथे प्रेमिकांची भावंडं होतात.

बेंगळुरूत राहून हे ऐकताना कानात आधीपासून दुसरं क्लॅरिनेट असतं: लग्नाच्या बँडमधलं, आणि रायचूरच्या पं. नरसिंहलू वडवाटींचं, ख्याल वाजवणारं. तिकडे तिरुचिरापल्लीच्या ए. के. सी. नटराजन यांनी ते कर्नाटक संगीतात रुजवलं. मींडेला हे वाद्य मुळीच अनुकूल नाही. दोन सुरांच्या मध्ये चाव्या उभ्या. ओठांची पकड बदलून, बोटं हलकेच सरकवून वाट काढावी लागते. गळ्यातला ख्याल क्लॅरिनेटवर न्यायला कुणाची परवानगी नव्हती, वाद्याचीही नव्हती. तरी ते भाषांतर पटतं, कारण स्वरवाक्य कुठे संपणार हे तिथेही फुफ्फुसंच ठरवतात. व्हायोलाच्या प्रतीत सूर बहुतेक जागच्या जागी आहेत, फक्त श्वास घ्यायची गरज उरलेली नाही.

एका ठिकाणी मात्र व्हायोलाला मानावं लागतं. शेवटच्या भागात दोनची आणि सहाची चाल एकमेकींत घुसतात, तिथे गजाचा चावरेपणा त्या झटापटीला शोभून दिसतो आणि क्लॅरिनेट थोडं जास्तच सभ्य वाटतं.