रिता किल्ला, वेढा आणि ‘स्वमग्न’ मूल : ऑटिझमविषयक काही पुस्तकांचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही, खेळण्यातली गाडी चालविण्याऐवजी तिचे एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसते. अशा वेळी मराठी घरात प्रथम ऐकू येते ते ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे सांत्वन, आणि काही दिवसांनी ‘आई दिवसभर बाहेर, त्याच्याशी बोलणार कोण?’ हा ठपका. पुढे केव्हातरी निदान होते आणि पालकांच्या हाती एक शब्द येतो : ऑटिझम, मराठीत स्वमग्नता. शब्दापाठोपाठ पुस्तके येतात.

या पुस्तकांचे मूल्यमापन बहुधा माहितीची अचूकता आणि सुचविलेल्या उपचारांची उपयुक्तता या दोनच निकषांवर केले जाते. ते निकष आवश्यक आहेतच; परंतु पुरेसे नाहीत. कारण या पुस्तकांनी पालकांना माहितीबरोबर एक प्रतिमाही दिली आहे. मूल कोठेतरी आत आहे आणि आपण बाहेर आहोत, ही ती प्रतिमा होय. प्रस्तुत लेखात या प्रतिमेचा निवडक पुस्तकांतील प्रवास तपासला असून मराठीतील ‘स्वमग्न’ या शब्दाशी तिचा संबंध कसा पोहोचतो, याचा विचार केला आहे.

रिता किल्ला

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि ऑटिझम ही बालपणातील स्वतंत्र अवस्था म्हणून वैद्यकाच्या नकाशावर आली. ‘ऑटिझम’ हा शब्द मात्र त्यांचा नव्हे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात, बाह्य जगाकडे पाठ फिरवून स्वतःत शिरण्याच्या अवस्थेसाठी योजला होता. म्हणजे हा शब्द या मुलांसाठी घडविलेला नव्हता, तो उसना घेतलेला होता. कॅनर यांची मुलांविषयीची निरीक्षणे आजही वाचनीय आहेत. ही अवस्था जन्मजात असावी असेही त्यांनी त्या लेखात म्हटले होते. तथापि, पालकांच्या थंडपणाविषयीचे त्यांचे शेरे पुढे अधिक गाजले. १९४९ च्या लेखात त्यांनी या थंडपणासाठी फ्रिजची उपमा वापरली आणि ‘फ्रिजसारखी आई’ ही कल्पना पुढील वीस वर्षे दवाखान्यांतून वावरू लागली.

या कल्पनेला ग्रंथाचे वजन दिले ते ब्रूनो बेटलहाइम यांनी. शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ऑर्थोजेनिक स्कूलचे ते दीर्घकाळ संचालक होते. ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ (रिता किल्ला) हे त्यांचे पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. बेटलहाइम स्वतः डाखाउ आणि बुखेनवाल्ड येथील नाझी छळछावण्यांत बंदी होते. मरणाच्या छायेत जगणाऱ्या कैद्याचे मन जसे जगापासून तुटते, तसेच या मुलांचे झाले आहे असे साम्य त्यांनी मांडले. हे साम्य स्वीकारले की छावणी म्हणजे घर आणि पहारेकरी म्हणजे आईबाप, हा अर्थ आपोआप निघतो. आणि मूल नसते तर बरे, ही पालकांची सुप्त इच्छाच या विकाराच्या मुळाशी असल्याचे बेटलहाइम यांनी लिहिले.

पुस्तक वाङ्मयीन दृष्ट्या प्रभावी आहे, हे मान्य केले पाहिजे. आपण यंत्र आहोत असे मानणाऱ्या जोई या मुलाची कहाणी वाचकाच्या मनातून सहजासहजी जात नाही. परंतु प्रभावाचे रहस्य शोधू गेल्यास एक गोष्ट लक्षात येते. या पुस्तकात मुलाची कोणतीही कृती केवळ कृती म्हणून राहत नाही. तिचा अर्थ लावला जातो, आणि तो प्रत्येक वेळी आईपाशी येऊन थांबतो. हवामानाचा ध्यास असलेल्या एका मुलीच्या संदर्भात लेखक ‘वेदर’ या इंग्रजी शब्दाची फोड ‘वी ईट हर’ अशी करतात आणि आपल्याला खाल्ले जाईल या भीतीशी तिची सांगड घालतात. पाऊस-वाऱ्याच्या नियमितपणातच त्या मुलीला रस असू शकेल, ही साधी शक्यता त्यांना पुरत नाही. किल्ला रिता आहे असे एकदा ठरविल्यावर आतून येणारा प्रत्येक आवाज हा प्रतिध्वनीच मानावा लागतो. समीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर हा अतिअर्थनिर्णयाचा दोष आहे. कवितेवर तो झाला तर एक कविता बिघडते. येथे त्याची किंमत हजारो मातांनी मोजली.

या सिद्धांताला आव्हान मिळाले तेही एका पित्याकडून. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच ‘इन्फंटाइल ऑटिझम’ या ग्रंथात या अवस्थेचे मूळ मेंदूच्या रचनेत शोधावे असे प्रतिपादन केले होते. त्याला प्रस्तावना कॅनर यांचीच होती. पुढे १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनी मातापित्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. दोषमुक्ती उशिरा आली, आणि ठपक्याइतकी दूरवर पोहोचली नाही.

वेढा

‘रिता किल्ला’ ज्या वर्षी आले, त्याच १९६७ मध्ये ‘द सीज’ (वेढा) हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखिका क्लॅरा क्लेबोर्न पार्क या इंग्रजीच्या अध्यापिका आणि चार मुलांच्या आई. धाकट्या मुलीच्या पहिल्या आठ वर्षांची ही हकिकत आहे. पुस्तकात मुलीचे नाव एली असे बदललेले आहे. जमिनीवरील एका ठिपक्याभोवती स्वतःच्याच आनंदात रांगत राहणारे मूल, हे पुस्तकाचे आरंभीचे चित्र.

दोन्ही पुस्तकांनी एकाच वर्षी किल्ल्याचीच प्रतिमा वापरावी, ही बाब उपेक्षणीय नाही. मात्र पार्क यांच्या किल्ल्यात कोणीतरी आहे. आई बाहेर तळ ठोकून बसली आहे ती आत एक बालक आहे या खात्रीने. हा भेद लहान वाटेल. पण त्या काळात पालकांना जगण्यासाठी तोच आधार होता. प्रतिष्ठित संस्थेत तज्ज्ञांनी प्रश्न विचारावेत, टिपणे घ्यावीत आणि शेवटी हाती काहीच देऊ नये, हा अनुभव पार्क यांनी संयमाने सांगितला आहे. त्या प्रकरणात चीड आहे, परंतु आक्रोश नाही.

पुस्तकाचे खरे बळ त्याच्या शीर्षकात नसून तपशिलात आहे. एली स्वतःच्या हाताने काही करीत नाही. हवी ती गोष्ट मिळविण्यासाठी आईचा हात अवजारासारखा वापरते. आई त्या हातातील जोर दिवसेंदिवस कमी करीत जाते, इतका की काम नकळत मुलीच्या हातून होऊ लागते. येथे सिद्धांत नाही, उपचारपद्धतीचे नाव नाही; एका स्वयंपाकघरातले निरीक्षण आहे. आज ज्याला टप्प्याटप्प्याने मदत कमी करणे म्हणतात ते एका आईने प्रशिक्षणाशिवाय शोधून काढले होते. पालकांच्या दृष्टीने अशी चार पाने सिद्धांताच्या चारशे पानांहून मोलाची ठरतात.

असे असले तरी पार्कही काळाच्या चौकटीतून पूर्णपणे सुटलेल्या नाहीत. मुलीचे न करणे, न पाहणे, न ऐकणे या गोष्टींना त्यांनी प्रकरणांच्या शीर्षकांतच ‘इच्छापूर्वक’ हे विशेषण लावले आहे. मूल ऐकू शकते पण ऐकत नाही, म्हणजे ते ऐकू इच्छीत नाही, असा हा तर्क. करता न येणे आणि करायचे नसणे यांतील अंतर येथे पुसले जाते. ‘ऐकत नाही’ या मराठी शब्दप्रयोगातही हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात आणि घरोघरी त्यातील दुसराच अर्थ घेतला जातो, हे येथे नोंदवावयास हवे.

चौतीस वर्षांनी, २००१ मध्ये, पार्क यांनी ‘एक्झिटिंग निर्वाण’ हे दुसरे पुस्तक लिहिले. आता मुलगी चाळिशी ओलांडलेली आहे आणि जेसी या स्वतःच्या नावाने वावरते आहे. ती विल्यम्स महाविद्यालयाच्या टपाल विभागात काम करते, इमारतींची लखलखीत रंगांतील चित्रे काढते. किल्ला गेला, वेढा उठला. त्यांच्या जागी ‘निर्वाण’ आले. बौद्ध परंपरेशी परिचय असलेल्या मराठी वाचकास हा शब्दप्रयोग खटकेल, कारण तृष्णेच्या क्षयाला निर्वाण म्हणणाऱ्या परंपरेत त्यातून बाहेर पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु प्रतिमा सदोष असली तरी पुस्तक पहिल्याहून प्रगल्भ आहे. आत शिरण्याची घाई संपलेली आहे आणि मुलगी जशी आहे तशी दिसू लागली आहे.

आतून आलेला आवाज

ऑटिझम असलेली व्यक्ती स्वतःविषयी पुस्तक लिहू शकेल, हे दीर्घकाळ अशक्य मानले गेले. टेम्पल ग्रँडिन यांच्या ‘इमर्जन्स’ने (१९८६) तो समज मोडला. १९९५ च्या ‘थिंकिंग इन पिक्चर्स’मध्ये त्यांनी आपण शब्दांत नव्हे तर चित्रांत विचार करतो असे सांगितले आणि जनावरांच्या हाताळणीची रचना करण्याच्या आपल्या व्यवसायाशी त्याचा संबंध जोडून दाखविला. ऑटिझम असलेले सगळेच चित्रांत विचार करतात, हे पहिल्या आवृत्तीतील गृहीत त्यांनी पुढील आवृत्तीत दुरुस्त केले. लेखिकेच्या प्रामाणिकपणाची ही खूण होय. अनेक पालक मात्र जुन्याच विधानाला धरून बसले.

प्रतिमेच्या दृष्टीने अधिक मूलगामी ठरते ते जिम सिंक्लेअर यांचे १९९३ मधील ‘डोन्ट मोर्न फॉर अस’ (आमचा शोक करू नका) हे लहानसे निवेदन. ऑटिझम हे माणसाला बाहेरून वेढणारे कवच नव्हे आणि त्याच्या आत एखादे ‘नॉर्मल’ मूल कोंडलेले नाही, असे सिंक्लेअर सांगतात. पालकांचा शोक खरा आहे, पण तो अपेक्षित मुलासाठी आहे. समोर असलेल्या मुलासाठी तो करू नये, असा त्यांचा आग्रह आहे. बेटलहाइम यांचा किल्ला रिता होता, पार्क यांच्या किल्ल्यात बालक होते. सिंक्लेअर यांच्या मते किल्लाच नव्हता. ज्यांचे मूल रात्र-रात्र झोपत नाही किंवा स्वतःला इजा करून घेते, त्या पालकांना हे निवेदन कठोर वाटते. तो आक्षेप रास्त आहे. तरीही प्रतिमेविषयीचा सिंक्लेअर यांचा मुद्दा त्यामुळे बाद होत नाही.

भारतातून आलेला आवाज टिटो राजर्षी मुखोपाध्याय यांचा. कर्नाटकात वाढलेल्या, जवळजवळ न बोलणाऱ्या या मुलाचे ‘बियाँड द सायलेन्स’ हे पुस्तक २००० मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची आई सोमा यांनी त्यांना अक्षरफलकावरून लिहिते केले. टिटो स्वतःच्या हाताने लिहितात, असे त्यांना भेटलेल्यांनी नोंदविले आहे. सोमा यांनी पुढे हीच पद्धती अमेरिकेत इतर मुलांसाठी वापरली तेव्हा मात्र वेगळा प्रश्न निर्माण झाला. फलक धरणाऱ्याच्या नकळत सूचनांमुळे शब्द त्याचेच उमटत नाहीत ना? उमटलेले शब्द मुलाचेच असल्याचा पुरावा नाही, या कारणास्तव वाचा-भाषा तज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०१८ मध्ये या पद्धतीविरुद्ध सल्ला दिला. जपानमधील नाओकी हिगाशिदा यांच्या, २०१३ मध्ये इंग्रजीत आलेल्या ‘द रीझन आय जम्प’ या पुस्तकाच्या कर्तृत्वाविषयीही अशाच शंका घेतल्या गेल्या. त्याचे एक अनुवादक, कादंबरीकार डेव्हिड मिचेल, हे स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील आहेत.

हा वाद येथे मिटविता येणार नाही. परंतु या पुस्तकांच्या लोकप्रियतेचे कारण समीक्षेच्या कक्षेत येते. न बोलणाऱ्या मुलाच्या आत ओघवती भाषा बोलणारे दुसरे मूल वाट पाहत आहे, ही आशा म्हणजे किल्ल्याचीच प्रतिमा आहे, फक्त आता तिला दरवाजा आला आहे. तो उघडावा म्हणून पालक पैसे, वर्षे आणि पुष्कळदा विवेकही खर्च करतात. आणि मूल हाताने, डोळ्यांनी, अंग झोकून जे रोज सांगत असते ते त्या काळात कोणी वाचीत नाही.

‘स्वमग्न’ आणि मराठी घर

मराठीत ‘मग्न’ हा पद जोडून झालेले शब्द पाहावेत : ध्यानमग्न, चिंतनमग्न, कार्यमग्न. या सर्व अवस्था माणसाने स्वीकारलेल्या आहेत. हाक दिली तर त्यांतून बाहेर येता येते. ‘स्वमग्न’ हा शब्द त्याच साच्यातला. त्यामुळे त्यात ब्लॉयलर यांचा मूळ अर्थ तर उतरतोच, शिवाय मुलाने ही मग्नता पत्करली आहे, जरा हलविले की ते भानावर येईल, अशी सूचनाही मिसळते. पार्क यांच्या ‘इच्छापूर्वक’ या विशेषणाचे काम मराठीत एक उपपद करते. वास्तविक यातील अनेक मुलांना जग कमी नव्हे तर अतिरेकी जाणवते. कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटचा गुणगुणाट, लग्नातील बँड त्यांना असह्य होतात. कानांवर हात दाबून बसलेले मूल स्वतःत मग्न नसते. ते बाहेरच्या आवाजाने बेजार झालेले असते. शासकीय कागदपत्रांत आणि वृत्तपत्रांत रूढ झालेला शब्द आता बदलणे कठीण आहे. मात्र मराठीत या विषयावर लिहिणाऱ्याने पहिल्याच पानावर या शब्दाशी भांडण मांडले पाहिजे.

कायद्याच्या भाषेत या मुलांना जागा मिळण्यासही विलंब लागला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तो आला. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील एकवीस प्रकारांत तो समाविष्ट झाला. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ शुभांगी वैद्य यांचे ‘ऑटिझम अँड द फॅमिली इन अर्बन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखिका स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाच्या आई असून दिल्लीतील कुटुंबांचा त्यांचा हा अभ्यास आहे. परदेशी पुस्तकांत क्वचितच भेटणारे आजी-आजोबा, नातलग आणि घरकामाची वाटणी येथे विवेचनाच्या मध्यभागी येतात. शैली विद्यापीठीय आहे, त्यामुळे सामान्य पालकाला ती अवघड जाईल. पण ‘आमच्यानंतर याचे काय?’ हा जो प्रश्न भारतीय पालक सर्वांत आधी विचारतो, त्याला हे पुस्तक टाळीत नाही.

पालकांसाठी लिहिलेली बहुतेक पुस्तके मूल आठ-दहा वर्षांचे होईपर्यंत सोबत करतात. पार्क यांनाही पुढची हकिकत सांगण्यासाठी दुसरे पुस्तक लिहावे लागले. मूल अठरा वर्षांचे होते, आईबापांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते, आणि ज्याला स्वतःचे निर्णय घेणे अवघड आहे त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हा दंडाधिकारी दर्जाचा अधिकारी असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे पालक नेमण्याचा अर्ज करावा लागतो. तो अर्ज कोणी करावा, त्यावर नाव आईचे घालावे की धाकट्या भावाचे, आणि ज्याच्यासाठी हे सर्व चालले आहे त्याला त्याविषयी कसे विचारावे, ही पाने मराठीत लिहिली जावयास हवीत.