दारातला पखवाज

भाच्याने गाडीच्या दारांची शस्त्रक्रिया केली. स्पीकर तेच, फक्त पत्र्याला आतून डांबरी पट्ट्या, मधल्या भोकांना झाकणं आणि स्पीकरभोवती फोमचं कडं. "मामा, मागचो आवाज फुडच्याक खाता," तो म्हणाला. पटलं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापल्याशिवाय खर्ज कुठे उतरतो? (तळाची, पाणी जायची भोकं त्याने उघडी ठेवली हे बरं, नाहीतर मालवणच्या पावसात दारात मासे पाळावे लागले असते.)

परीक्षेला वडिलांचा दशावतारातला पखवाज लावला, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेला. कुडाळच्या वाटेवर चौके गेलं, धामापूरचा तलाव आला. पूर्वी नुसता डबा वाजायचा. आता थाप पोटात उतरत होती. झांज मात्र अजून कानात सुईसारखी टोचते. ते दुखणं डांबराने जाणारं नव्हे. आणि संकासुर येता येता वडिलांचा हात चक्क एक मात्रा घसरला! पायपेटीवाल्याने घाई केली, असं ते शेवटपर्यंत सांगत. आम्हीही त्या बिचाऱ्याला चाळीस वर्षं नावं ठेवली.

"आजोबा चुकले, मामा?"

"परत लाव," मी म्हटलं.