‘तोताकाहिनी’तला पक्षी आणि ढोलीतला पोपट

रवींद्रनाथ ठाकुरांची ‘तोताकाहिनी’ ही 1918 सालची गोष्ट बहुतेक शिक्षकांना माहीत असेल. राजाला पक्षी अडाणी वाटतो. त्याला शिकवायला सोन्याचा पिंजरा घडतो, पोथ्यांचे ढीग रचले जातात, कारभारी गब्बर होतात. आणि घशात पाने कोंबून पक्षी मरतो. शाळेवरची ही टीका आजही झोंबते.

नागपूरजवळ बेसा येथे मी ती मुलांना वाचून दाखवली, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, जंगलात त्याला कोण शिकवत होतं?” गोष्टीत याचे उत्तर नाही, आणि माझ्या मते हीच तिची उणीव आहे.

गोष्टीतले पंडित म्हणतात, काडीगवताच्या घरट्यात विद्या मावत नाही, म्हणून पिंजरा हवा. गंमत अशी, की पोपट असे घरटे बांधतच नाही! आमच्या घरासमोरच्या जुन्या कडुनिंबाच्या ढोलीत फेब्रुवारीत पोपटाची मादी नुसत्या लाकडाच्या भुशावर चार-पाच पांढरी अंडी घालते. पंडितांचे अज्ञान दाखवायला रवींद्रनाथांनी हे मुद्दाम लिहिले असेल, तर टोमणा अचूक आहे. पण त्यांचा पक्षी सुरुवातीला गातो! रानातला पोपट गात नाही, कर्कश ओरडतो. इथे लेखकानेही झाडाकडे पाहिलेले दिसत नाही.

खरा प्रश्न शिकण्याचा आहे. कोंबड्याने दुसऱ्याची बांग कधी ऐकली नाही, तरी तो वेळ आली की आरवतोच. पोपटाला मात्र आवाज ऐकून शिकावे लागतात. कार्ल बर्ग आणि सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलात रानातल्या लहान पोपटांची अंडी घरट्याघरट्यांत बदलली. 2011 साली त्यांनी दाखवून दिले, की पिल्लांची ओळखीची हाक सांभाळणाऱ्या आईबापांच्या हाकेशी जुळते, जन्मदात्यांच्या नव्हे. म्हणजे ढोली हीच शाळा. पिंजऱ्यातला राघू आपली बोली उचलतो, कारण त्याला दुसरा थवाच उरलेला नसतो. ‘पोपटपंची’ हा शब्द आपण उगीच त्याच्या माथी मारला.

रवींद्रनाथांनी रानात स्वातंत्र्य ठेवले आणि शिक्षण सगळे पिंजऱ्यात. त्यामुळे ‘शिकवूच नका’ असा अर्थ वाचक सहज काढतो.

राजाची एक तक्रार मात्र खरी आहे. हा पक्षी फळांचे नुकसान करतो. गोष्टीत ती हसण्यावारी जाते. पेरूची बाग किंवा ज्वारी राखणाऱ्याच्या मुलाला ती वर्गात वाचायला द्या. तो राजाच्या बाजूने बोलेल.