अंगठ्याचा सूर्य

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात ‘आधार’ क्रमांकांच्या वाटपाला सुरुवात झाली. त्याचे बोधचिन्ह म्हणजे लाल-पिवळ्या किरणांचा सूर्य आणि त्याच्या गाभ्यात बोटाचा ठसा. चित्रकाराला त्यात प्रत्येक माणसाच्या वेगळेपणाची पहाट दिसली असेल. माझ्या वडिलांना सावकाराचा कागद दिसला. त्यांच्या अंगठ्याने शेत गेले, ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी तेवढी उरली. सही करणारा घरातला मी पहिला. चिन्ह वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण चित्राचा अर्धा अर्थ पाहणारा आपल्या भोगलेल्या आयुष्यातून भरतो. एकलव्याच्या वारसांपुढे अंगठा मांडताना ठसा कोणाचा आणि कागद कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न म्हणूनच सौंदर्याचाही आहे.