'माज उतरविणे' : व्युत्पत्ती आणि कर्ता

'माज उतरविणे' हा वाक्प्रचार आपण गर्वहरणाचा पर्याय मानतो. ते पुरेसे नाही. संस्कृत 'माद्यति', प्राकृत 'मज्जइ', मराठी 'माजणे' ही परंपरा ('अद्य'-'अज्ज'-'आज' याच वळणाची) मुळातील धुंदी सुचविते. 'चढणे', 'उतरणे' या क्रियापदांत ती अद्याप टिकून आहे. बदनापूरकडील गोठ्यात मात्र गाय माजावर आल्याचा आनंदच होतो. माज तेथे दोष नव्हे. शिवाय धुंदी आपोआप उतरते, माज 'उतरवावा' लागतो. या प्रयोजक रूपाला कर्ता हवा, आणि तो बहुधा वरच्या पायरीवरचा. सालगड्याने मोबदला वाढवून मागितला, की तो नुसता 'माजला' म्हणून भागते. वरिष्ठांबाबत 'पैशाचा', 'सत्तेचा' असे कारण जोडावे लागते, आणि एरवी 'रुबाब' आहेच.